राखेत नसलेलं दार

१

आगीत टेबल गेलं, कपाट गेलं, पुस्तकं गेली, साहेबांची शेवटची कादंबरी गेली. ते सगळं राख होऊन जमिनीवर पडलं होतं, म्हणजे त्याचा हिशोब लागत होता. दाराचा मात्र लागत नव्हता.

शंकाबाई चौकटीपाशी उकिडवी बसली आणि तिने टॉर्च लावला. शंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत ती नवी नवी लागली तेव्हा क्लेम विभागाच्या साहेबांनी तिला ते चिकटवलं होतं आणि ते तिला पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटून बसलं. आता ती स्वतंत्र सर्व्हेअर होती, जळलेल्या गोदामांपासून बुडालेल्या गाड्यांपर्यंत सगळं बघून झालं होतं, तरी लोक तिला शंकाबाईच म्हणत.

आणि आज ती ज्या खोलीच्या तोंडाशी बसली होती, ती खोली त्याच साहेबांची होती.

कंपनीने तिला पाठवलं, कारण साहेबांना न ओळखणारा सर्व्हेअर त्यांना मिळेना. सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. "तू तरी कडक आहेस," मॅनेजर म्हणाला होता. तिने हो म्हटलं. साहेबांनी अख्खी नोकरी खोटे क्लेम पकडण्यात घालवली होती. त्यांच्याच घराच्या क्लेममध्ये काही वावगं निघालं, तर ते तिला लिहावं लागणार होतं. न लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. न लिहिणं तिला त्यांनी शिकवलंच नव्हतं.

चौकट कोळशासारखी काळी झाली होती. लाकडी दार जळतं तेव्हा बिजागऱ्या जळत नाहीत; त्या चौकटीला लटकतात, नाहीतर खाली राखेत सापडतात. इथे दोन्हीकडे नव्हत्या. बिजागऱ्या बसवायच्या खाचा तेवढ्या होत्या, आणि त्या आतूनही चौकटीइतक्याच काळ्या होत्या. आगीच्या वेळी तिथे लोखंड असतं, तर त्याखालचं लाकूड फिकं राहिलं असतं.

म्हणजे आग लागली तेव्हा दार तिथे नव्हतंच.

ती उठली आणि चाळणी घेऊन आत राख चाळू लागली. खोलीच्या मधोमध बागेतलं लोखंडी घमेलं पडलं होतं, आतून पांढऱ्या राखेने भरलेलं. कपाटाच्या जागी तिला एक चपटी पितळी पट्टी सापडली, लहान लहान जिभा असलेली. माउथ ऑर्गनच्या पोटातली. ती तिने पिशवीत टाकली.

साहेबांचं वाक्य तिला पाठ होतं. पहिल्याच आगीच्या पाहणीला तिला नेलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "राखेत काय आहे ते कोणीही बघेल. काय नाही ते बघ. आग लावणारा माणूस जिवापाड जपलेली वस्तू आधी बाहेर काढतो."

तिने टॉर्च बंद केला. आता तिला खरंच रडू येईल असं वाटायला लागलं.

२

साहेब पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी इस्त्रीचा शर्ट सुटला नव्हता. उजव्या तळहाताला पट्टी होती.

"या शंकाबाई," ते म्हणाले. "पाहुणी म्हणून आलात की पाहणीला?"

"पाहणीला, साहेब."

"मग चहा मिळणार नाही. लाच होईल ती."

दोघंही हसले. हसणं लवकर संपलं.

साहेबांचे दोन जन्म होते असं लोक म्हणत. दिवसभर क्लेम विभागात बसून ते कोण कसा गेला, का गेला, याची कारणं शोधायचे. संध्याकाळी घरी येऊन टोपणनावाने रहस्यकादंबऱ्या लिहायचे. स्टेशनावरच्या स्टॉलवर त्यांच्या कादंबऱ्या भज्यांसारख्या खपत आणि विकणाऱ्याला ठाऊक नसे की समोर सुटे पैसे मोजत उभा असलेला टापटीप माणूसच लेखक आहे. शंकाबाईने मात्र ओळखलं होतं. त्यांच्या एका कादंबरीतली गुप्तहेर बाई चष्म्याची काडी चावायची. ती काडी चावण्याची खोड शंकाबाईचीच होती.

लिहिणं सुरू झालं ते मुलगा गेल्यावर. तोवर साहेबांनी टिपणापलीकडे काही लिहिलं नव्हतं. मुलगा ताडमाड उंच, घरात त्याला सगळे उंट म्हणत. उंट स्कूटरवरून घरी येत होता, वळणावर खडी होती, स्कूटर घसरली. बस्स. कोणाची धडक नाही, कोणी दारू प्यायलेलं नाही. महिनाभराने साहेब कामावर परतले, आणि त्यानंतर लवकरच त्यांनी उंटाच्या खोलीत टेबल टाकलं.

"आग कशी लागली, साहेब?"

"कल्पना नाही. मी आणि तुझ्या काकू स्वयंपाकघरात होतो. खोलीचं दार लावलेलं होतं. धूर दिसला तोवर उशीर झाला होता."

"दार लावलेलं होतं?"

"हो."

शंकाबाईने मान वर करून पॅसेजच्या छताकडे पाहिलं. छत त्या खोलीपासून थेट या खोलीपर्यंत काळंकुट्ट झालं होतं. बंद दाराआडून इतकी काजळी बाहेर येत नाही. हे तिला दिसतंय हे साहेबांना दिसत होतं, आणि तरी ते खाली बघत राहिले.

"हाताला काय झालं?"

"भाजलं."

भाजतात ती बोटं, आधी. जळकी वस्तू पकडायला माणूस बोटं पुढे करतो. पट्टी तळहाताच्या मधोमध होती, जिथे फोड येतो तो जुनाट घट्ट स्क्रू फिरवून फिरवून.

साहेब खोटं बोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही इतकं कच्चं, की तिलाच त्यांची लाज वाटली.

३

दुकानातल्या पुस्तकांच्या ढिगाऱ्याआडून साहेबांच्या प्रकाशकाचं टक्कल वर आलं.

"मी लावली आग!" तो म्हणाला. "लिहून घ्या. छापखान्याला आगाऊ रक्कम देऊन, 'अखेरची कादंबरी' म्हणून जाहिरात करून, मग मीच जाऊन हस्तलिखित जाळलं. माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही."

"प्रत नव्हती?"

"त्यांची प्रत कधीच नसते. हाताने लिहितात, काकूंना रोज एक प्रकरण वाचून दाखवतात. शेवटचं प्रकरण वाचायच्या आधी काकूंनी आरोपी ओळखायचा. काकूंनी ओळखला, की साहेब ते प्रकरण फाडून नवा आरोपी घालायचे. माझी कितीतरी पुस्तकं त्या बाईंमुळे उशिरा निघालीत."

"आणि या वेळी?"

प्रकाशक जरा गंभीर झाला. "या वेळी फोनवर म्हणाले, 'यातला आरोपी पहिल्यांदाच खरा आहे.' मी म्हटलं, वा, काय जाहिरात होईल! त्यांनी फोन ठेवून दिला. तेव्हापासून मला चैन नाही हो."

क्लेम साहेबांनी केलाच नव्हता. तो केला होता त्यांच्या मुलीने. घर साहेबांच्या आणि तिच्या नावावर होतं, सही तिची चालत होती. शंकाबाई तिला तिच्या बँकेत, काउंटरच्या मागच्या खोलीत भेटली.

"बाबा नको म्हणत होते," मुलगी म्हणाली. "मी म्हटलं, जन्मभर हप्ते भरलेत, मग नको काय? मला वाटतं आगीने त्यांचं डोकं सुन्न झालंय. आई तर बोलतच नाही. सारखी झोपून असते. पाठ दुखते म्हणे."

"घर विकायच्या आधी ती खोली रिकामी करायची, असं काही चाललं होतं का? तुम्ही त्यांना तुमच्याकडे न्यायचं म्हणत होतात असं ऐकलं."

मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी लावली आग? ताई, त्या खोलीत माझ्या भावाचं कपाट होतं. त्याचे शर्ट होते. आईने ते कधी कोणाला दिले नाहीत. मी काडी लावीन?"

"तुमच्या भावाचा माउथ ऑर्गन होता?"

"त्याच कपाटात. फार वाईट वाजवायचा." ती हसायला गेली आणि तिला हुंदका आला. शंकाबाईने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि ती शांत होईपर्यंत काही विचारलं नाही.

मग एवढंच विचारलं, "त्या खोलीचं दार कसं होतं?"

"दार?" मुलीने डोळे पुसले. "जुनं, जड. आतल्या बाजूने उंटाच्या रेघा होत्या. बाबा दर वाढदिवसाला त्याला पाठ टेकून उभा करायचे आणि डोक्याशी पेन्सिलने रेघ मारायचे. तेही जळलं ना."

 ते जळलं नाही, हे शंकाबाईला माहीत होतं. ते कुठे आहे, हेही आता तिला कळायला लागलं होतं.

४

काकू आतल्या खोलीत पलंगावर पडल्या होत्या. शंकाबाईला पाहून उठून बसल्या.

"बस गं. इथेच बस, पलंगावर."

शंकाबाई बसली. गादी पातळ होती आणि खाली टणक, दगडासारखं.

"पाठीसाठी फळी घातलीय," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले."

शंकाबाईच्या हातून पेन निसटलं आणि पलंगाखाली गेलं. तिने जाणूनबुजून सोडलं होतं, हे सांगायला हरकत नाही. काकू पटकन वाकल्या, हात लांब करून पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं. पाठ दुखणारी बाई अशी वाकत नाही.

"काकू, शेवटची कादंबरी तुम्ही ऐकलीत?"

"ऐकली. शेवटचं प्रकरण सोडून."

"आरोपी ओळखलात?"

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. "ओळखला. पण या वेळी त्यांनी चुकीचा माणूस धरला होता."

"कोणता?"

"ते त्यांना विचार."

दारात साहेब येऊन उभे होते. कधी आले ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"साहेब," शंकाबाई उठून उभी राहिली.  "तुम्हीच शिकवलंत. जिवापाड जपलेली वस्तू आधी बाहेर काढली, की समजायचं आग लावलेली आहे. दार आगीच्या आधी काढलेलं होतं. इतकं जड दार एकट्याने निघत नाही; एकाने धरायचं, एकाने स्क्रू काढायचे. घरात तुम्ही दोघंच. आणि दार कुठे आहे तेही मला माहीत आहे." ती काकूंकडे वळली. "काकू, जरा उठता?"

काकू उठल्या. शंकाबाईने गादीची कड धरली आणि वर उचलली.

५

फिक्या निळ्या रंगाचं दार पलंगाच्या चौकटीत आडवं पडलं होतं. बिजागऱ्या अजून लागलेल्या होत्या. पेन्सिलच्या रेघा खालून वर शिडीसारख्या चढत गेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे साहेबांचं टाइप केल्यासारखं अक्षर होतं. 'उंट, टेबलाएवढा.' 'उंट, आजारातून उठल्यावर. वाढला नाही.' 'उंट, आईच्या खांद्याला.' 'उंट, आईच्या पुढे.' सगळ्यात वरच्या रेघेपुढे लिहिलं होतं, 'उंट, माझ्या पुढे. हरलो.'

त्या रेघेच्या वर दार कोरं होतं.

साहेब पलंगाच्या पायाशी बसले. "सांगतो," ते म्हणाले. "स्कूटरचा मागचा टायर गुळगुळीत झाला होता. मला दिसलं होतं. म्हटलं, महिनाभर चालेल. दुसऱ्यांच्या गाड्यांचे टायर तपासून मी क्लेम नाकारायचो. जन्मभर कादंबऱ्यांत दुसरेच आरोपी शोधले. शेवटच्या कादंबरीत खरा घातला. बापाला."

"मी ऐकलं आणि म्हटलं, हे छापायचं नाही," काकू म्हणाल्या. "आणि म्हटलं, आधी ते दार काढा. त्या दाराआड तुम्ही रोज एकटे जाऊन बसता आणि मी बाहेर एकटी. मुलगा दोघांचा होता ना? मग दार माझ्याकडे द्या. दिवसभर खपून दोघांनी मिळून काढलं. गादीखाली घातलं."

"आणि मग?"

"मग घमेलं आणलं," साहेब म्हणाले. "एकेक पान जाळत होतो. ही देत होती, मी टाकत होतो. खोलीची खिडकी उघडी होती, पॅसेजची उघडी होती. मधे दार नाही, हे लक्षातच आलं नाही. वारा आरपार आला, जळकी पानं उडाली आणि पडद्याने पेट घेतला." त्यांनी मान खाली घातली. "हे तुला सांगितलं असतं तर काय जाळत होतो तेही सांगावं लागलं असतं. आणि विश्वास कोण ठेवणार? दार आधी काढलेलं. मी असतो तर मीही ठेवला नसता. लिही तू. लावलेली आग म्हणून लिही."

 शंकाबाई चष्म्याची काडी चावत उभी राहिली. 

मग तिने पिशवीतून पितळी पट्टी काढली आणि पलंगावर, दारावर ठेवली.

काकूंनी ती ओळखली. उचलून मुठीत घेतली.

"साहेब, तुम्ही मला अर्धंच शिकवलंत," शंकाबाई म्हणाली. "काय नाही ते बघ म्हणालात. मी काय आहे तेही बघितलं. हे राखेत होतं. त्याचे शर्ट राखेत होते. ज्या बाईला रेघांचं दार वाचवावंसं वाटलं, ती खोली पेटणार हे माहीत असताना माउथ ऑर्गन कपाटात ठेवून येईल? खिशात मावतो तो. आग लागणार हे तुम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. याहून मोठा पुरावा मला नको."

तिने पेन काढलं आणि दाराच्या कोऱ्या भागावर कागद टेकवून वाकून लिहिलं. कारण: अपघात.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "आरोपी?"

"नाही. अपघाताला आरोपी नसतो, साहेब. किती विधवांना, किती आयांना तुम्ही हे समजावलंत, मी शेजारी बसून ऐकलंय."

"नक्की?"

ते कोणत्या अपघाताबद्दल विचारत होते हे तिला कळलं. "नक्की, साहेब."

टापटीप शर्टातला तो म्हातारा माणूस मुलाच्या दारावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

थोड्या वेळाने साहेबांनी तोंड धुतलं आणि म्हणाले, "घरात उघड्यावर कागद जाळणं हा निष्काळजीपणा. मी असतो तर क्लेममध्ये कपात केली असती."

"करणारच आहे," शंकाबाई म्हणाली, आणि तिघं मिळून गादी परत घालायला लागले.

काकू तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या. पितळी पट्टी त्यांच्या मुठीत होती. फाटकाची कडी धरून त्या थांबल्या.

"मी म्हटलं ना, त्यांनी चुकीचा माणूस धरला होता."

शंकाबाई त्यांच्याकडे वळली.

"उंट त्या दिवशी मित्राकडे राहणार होता," काकू हळूच म्हणाल्या. "मी फोन केला. म्हटलं, जेवण गार होतंय, लवकर ये. एवढंच म्हटलं. लवकर ये."

"काकू, साहेबांना हे..."

"नाही माहीत. आणि तू सांगू नकोस." त्यांनी घराकडे पाहिलं. खिडकीत साहेब उभे होते, दोघींना हात करत होते. काकूंनीही हात केला. "सांगितलं, तर मला सोडवायला ते पुन्हा स्वतःलाच आरोपी करून लिहायला बसतील."

त्या वळल्या आणि घरात गेल्या.